शेवटपर्यंत वाचण्याच्या अटीवर

मी, खाली सही करणारी, फ्रेमा बनवण्याच्या धंद्यात हयात घालवलेली, गाव जिला फ्रेमवाली म्हणून ओळखते ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या दुकानात, दिवसाउजेडी बसून लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत आणि छातीचा तर भरवसाच उरलेला नाही, पण मृत्युपत्राला त्यांची गरज पडत नाही. कोणाच्या सांगण्यावरून, धाकाने किंवा लालचीने मी हे लिहीत नाही. डॉक्टरांनी मला शंभरापासून उलटे मोजायला लावले. अर्ध्यावर त्यांनाच कंटाळा आला. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, आणि दाखला लिहिताना डॉक्टर ज्या तऱ्हेने माझी नजर चुकवत होते त्यावरून दुसरे करायला सवड मिळेल असे दिसत नाही.

हे वाचले कसे जाईल ते आधी लिहिते, म्हणजे पुढे घोटाळा नको. आपल्या गावात मृत्युपत्र बाजारहॉलमध्ये मोठ्याने वाचायची जुनी पद्धत आहे. घरटी एक माणूस येऊन बसतो, लाखेचे सील सर्वांदेखत फुटते, आणि ज्या वस्तू कोणाला द्यायच्या त्या तिथे आणून मांडलेल्या असतात. भावाभावांनी मागाहून एकमेकांची डोकी फोडू नयेत एवढाच त्यामागचा हेतू. पालकसाहेबांनी गावच्या बहुतेक जुन्या गोष्टी मोडल्या, पण ही ठेवली, वर हजेरी सक्तीची केली. कोणाच्या पेटीत काय होते हे ऐकायला त्यांना आवडते. वाचण्याचे काम व्यवस्था मंडळाच्या चिटणिसाकडे असते, आणि चिटणीस माझा धाकटा भाऊ आहे.

तेव्हा धाकट्या, घोटभर पाणी पी आणि सावकाश वाच. माझे अक्षर तुला लागते. ताईने पाटीवर काढून दिलेली अक्षरे मीच तुझा हात धरून गिरवून घेतली होती.

कलम पहिले. दुकान.

चौकाच्या कोपऱ्यावरचे माझे दुकान, वरची खोली, माळा, मागचे अंगण आणि पाण्याची टाकी ही मिळकत वडिलांकडून माझ्याकडे आली. तिच्यावर कसलाही बोजा नाही. ती सगळी मी व्यवस्था मंडळाला देते.

होय, मंडळाला. बरोबर वाचलेस. पालकसाहेबांना चौकात पहाऱ्याचा मनोरा बांधायचा आहे आणि माझे दुकान मध्ये येते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यासाठी त्यांनी मला समजावले, मग माझी नळजोडणी तोडली, मग पुन्हा समजावले. आता मीच देते आहे. अट एकच. हे मृत्युपत्र पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत, एकही ओळ न गाळता, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचले गेले पाहिजे. वाचन मध्येच थांबले, कोणी थांबवले, ओळ गाळली किंवा पुटपुटून उरकली, तर ही मिळकत मंडळाला न जाता माझ्या भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला, जाईल. याची दुसरी सीलबंद प्रत नदीपलीकडच्या दिवाणी न्यायालयात जमा आहे, आणि तिथले न्यायाधीश अजून आपल्या साहेबांना ओळखत नाहीत.

इथे पालकसाहेबांनी मान हलवून पुढे वाचायला सांगितले असेल. मनोरा मोठा आहे, मेलेली म्हातारी बोलून बोलून किती बोलणार.

कलम दुसरे. बचत आणि टेबल.

पोस्टातली माझी बचत, जी काही असेल ती, भाचीला. ती नदीपलीकडे दवाखान्यात परिचारिका आहे. आईला पोचवून गेली ती परत आली नाही, आणि शहाणपणा केला. आताही तिने येऊ नये. रक्कम तिला तिथल्या तिथे मिळेल अशी सोय मी करून ठेवली आहे.

ताईचे लिहिण्याचे टेबलही तिचेच. त्याचा एक पाय आखूड आहे. त्याखाली ताई स्वतःच्याच पुस्तकाची एक प्रत घालायची आणि म्हणायची, चला, काही तरी उपयोग झाला. ती प्रत आता नाही. भाचीने दुसरे काही घालावे.

कलम तिसरे. हत्यारे.

काच कापायचा हिरा, पट्ट्या तिरक्या कापायचा साचा आणि दोन्ही करवती सुताराला. त्याने माझ्याकडून साचा उसना नेऊन तो स्वतःचाच असल्याचे गावभर सांगितले होते. आता खरे सांगितल्यासारखे होईल.

लहान हातोडी शेजारच्या इस्त्रीवालीला. माझ्या ठोकाठोकीने तिचे डोके दुखते अशी तक्रार तिने आयुष्यभर केली. मंडळाकडे तक्रारपेटी आली तेव्हा मात्र तिने एकदाही चिठ्ठी टाकली नाही. लोक याहून कमी कारणासाठी टाकत होते. बाई, हातोडी घे आणि हवी तेवढी ठोक. मला तुझा फार आधार होता, हे जिवंतपणी सांगायचे राहून गेले.

खळ शिजवायचे पातेले फुटके आहे, टाकून द्यावे. शिडीचे पुढे लिहिते.

कलम चौथे. खुर्ची.

दुकानात गिऱ्हाइकासाठी ठेवलेली लाकडी खुर्ची, जी गेली कित्येक वर्षे पहाऱ्याची खुर्ची म्हणून माझ्या दारापाशी आहे, ती मी कोणालाच देत नाही. ती फोडून जाळावी. कारण सांगायचे तर ताईबद्दल सांगावे लागेल, आणि अटीप्रमाणे सगळ्यांना ऐकावे लागेल.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा मला आणि धाकट्याला तिनेच वाढवले. ती पोस्टात टपाल लावायची. संध्याकाळी वरच्या खोलीत बसून लिहायची. अशी तिने एक भयकादंबरी लिहिली, तिचे नाव ‘कडी नसलेली दारे’. हॉलमध्ये बसलेल्यांपैकी फारसे कोणाला हे नाव आठवत असेल असे मला वाटत नाही, आणि तेच तर दुःख आहे.

गोष्ट साधी होती. एका गावात चोऱ्या होतात. एक पहारेकरी येतो. तो कुठला, हे कोणी विचारत नाही, कारण तो येताच चोऱ्या थांबतात. मग तो म्हणतो, अडचणीच्या वेळी मला आत येता आले पाहिजे, आतल्या कड्या काढा. लोक काढतात. मग तो म्हणतो, मी दमून येतो, घरोघर माझ्यासाठी एक खुर्ची ठेवा. लोक ठेवतात. त्या खुर्चीवर दुसऱ्याने बसायचे नसते. हळूहळू घरची माणसे जमिनीवर बसू लागतात, हलक्या आवाजात बोलू लागतात, आणि खुर्ची रिकामी असली तरी तिच्याकडे पाठ करत नाहीत. पुस्तकात रक्ताचा थेंब नाही, भूत तर नाहीच. मी हस्तलिखित वाचले तेव्हा दोन दिवस मला जेवण गेले नव्हते.

प्रकाशक म्हणाला, भुताशिवाय भयकादंबरी खपत नाही. ताई ऐकेना, तेव्हा त्याने निदान मुखपृष्ठावर तरी केस सोडलेली एक बाई छापली. त्या बाईपायी घात झाला. लोक पुस्तक घेत, शेवटपर्यंत बाईची वाट पाहत आणि चिडत. ताईला आयुष्यात वाचकाचे एकच पत्र आले, त्यात विचारले होते की मुखपृष्ठावरची बाई आत का नाही. पुढे प्रकाशकाचे दिवाळे वाजले. मानधनाऐवजी त्याने थोड्या बांधलेल्या प्रती आणि बाकीचे फर्मे पाठवून दिले, म्हणजे छापून झालेले पण कापून शिवलेले नसलेले मोठे कागद. प्रती वर ताईच्या कपाटात गेल्या, फर्मे माझ्या माळ्यावर. मी गमतीने म्हणायची, ताई, तुझी कादंबरी आणि माझी रद्दी एकत्र नांदतात बघ.

आता गावाकडे येते. गावात पहारा सुरू झाला तेव्हा धान्याच्या गोदामात खरोखरच चोऱ्या होत होत्या, हे मी मुद्दाम लिहिते. बाजारात वजनकाट्यावर बसणाऱ्या एका माणसाने काही तरुण गोळा केले, गस्त घातली आणि चोऱ्या थांबल्या. तेव्हा त्याला सगळे काटेवाला म्हणत. त्याची पाठ सगळ्यांनी थोपटली, मीही थोपटली. मग एका घराला आग लागली. आतून कडी होती, दार फोडेपर्यंत आतला म्हातारा गुदमरून गेला. काटेवाल्याने सभा बोलावली, डोळ्यांत पाणी आणून बोलला, आणि आतल्या कड्या काढायचे ठरले. सगळ्यांनी हात वर केले. ताईने केला नाही.

घरी येताना ती म्हणाली, “अगं, हे तिसरं प्रकरण आहे.”

“ताई, जगातली प्रत्येक गोष्ट तुझ्या पुस्तकातली नसते,” मी म्हणाले.

“नसू दे. नसली तर बरंच आहे.”

आणि आता धाकट्या, तुझे येते. तू नुकताच मंडळात लागला होतास. काटेवाल्याला पालकसाहेब म्हणायची सुरुवात तूच केलीस असे म्हणतात, मी ते खरे धरत नाही. पण एवढे खरे की एका बैठकीत, चहा पिता पिता, शेखी मिरवायला तू बोलून गेलास. दुष्टाव्याने नाही. तुला ताईचा अभिमान होता. “साहेब, हे कड्यांचं तर आमच्या ताईनं कधीच लिहून ठेवलंय!” ते हसले आणि म्हणाले, आण की मग, बघू तरी. तू तुझी प्रत नेऊन दिलीस, जिच्यावर ताईने लिहिले होते, ‘माझ्या लाडक्या धाकट्यास’.

पुढच्याच महिन्यात घरोघर खुर्ची ठेवायचा हुकूम निघाला. तोपर्यंत खुर्चीची कल्पना कोणाच्या स्वप्नातही नव्हती. कर्ण्यावर तो हुकूम ऐकून ताई जिन्यावरच बसली. तू संध्याकाळी आलास तेव्हा तिने विचारले, “माझं पुस्तक कोणाला दिलंस?”

“साहेबांना. ताई, त्यांना फार आवडलं गं. दोनदा वाचलं म्हणाले. खुणासुद्धा केल्यात त्यांनी.”

 ताई म्हणाली, “इतकी वर्षं मन लावून वाचणारा एक तरी मिळू दे म्हणत होते. मिळाला.”

दुसऱ्या दिवशी ती पिशवीत प्रती घालून बाजारात गेली. प्रत्येकाच्या हातात पुस्तक देऊन सांगू लागली, अहो, पुढे काय होणार ते यात आहे, वाचा, पैसे नकोत. लोकांनी मुखपृष्ठावरची बाई पाहिली आणि हसले. कोणी म्हणाले, पोस्टातली बाई पुस्तक खपवायला आता मंडळाचे नाव वापरते. दोघातिघांनी प्रत घेतली आणि संध्याकाळपर्यंत तीच मंडळात नेऊन दिली. त्यांची नावे मला माहीत आहेत. ती इथे लिहीत नाही, कारण ते समोर बसले आहेत आणि त्यांना पुरेसा घाम फुटला असेल.

मंडळाची माणसे आली. कपाटातल्या सगळ्या प्रती त्यांनी गोणीत भरल्या आणि गिरणीच्या बॉयलरमध्ये घातल्या. टेबलाच्या पायाखालची प्रतही काढून नेली. ताईला बियाण्यांच्या जुन्या गोदामात ‘विश्रांतीसाठी’ नेले. थंडी संपल्यावर परत पाठवली. अंगावर वळ नव्हता, ओरखडा नव्हता; मी अंघोळ घालताना नीट पाहिले. पण खोलीत कोणीही आले की ती खुर्चीवरून उठायची आणि भिंतीला लागून उभी राहायची. मी पाणी घेऊन आले तरी उठायची. मी म्हणायची, “ताई, मी आहे गं, बस.” ती म्हणायची, “हो, हो, तुम्ही बसा.” मला, धाकट्या बहिणीला, तुम्ही.

धाकट्या, तू रोज सकाळी तिच्यासाठी दूध घेऊन यायचास. ती तुझ्यासाठीही उठून उभी राहायची. तू दूध ठेवायचास आणि तिच्याकडे न बघता जिना उतरायचास. चार वर्षे असे चालले आणि मग ती गेली. मला तुझा राग आहे. तू माझा धाकटा आहेस. या दोन्ही गोष्टी मी बरोबर घेऊन जाते आहे आणि त्यातली कुठली मोठी हे मला कधी ठरवता आले नाही. वाचत राहा.

कलम पाचवे. तसबिरी.

घरोघर, दुकानोदुकानी आणि कचेऱ्यांत पालकसाहेबांचा फोटो लावायचा हुकूम निघाला तेव्हा ताईला जाऊन थोडेच दिवस झाले होते. गावात फ्रेमा करणारी मी एकटी. काम नाकारले असते तर मीही विश्रांतीला गेले असते आणि फ्रेमा नदीपलीकडून आल्या असत्या. मी काम घेतले. लोक माझ्या तोंडावर काही बोलले नाहीत, पण बहिणीच्या मातीवर फ्रेमा ठोकते असे म्हणत होते, ते माझ्या कानावर यायचे. मी ऐकून घेतले.

तसबिरी ताईच्या पुस्तकात नव्हत्या. ही एकच कल्पना साहेबांची स्वतःची, आणि नेमकी तीच त्यांना नडणार आहे.

फोटो पातळ कागदावर छापून आले होते. असा फोटो नुसता पुठ्ठ्याला लावला की पोपडे धरतो. त्याच्या मागे आधी एक कागद खळीने चिकटवावा लागतो, मग पुठ्ठा, मग चुका, म्हणजे बारीक खिळे, आणि सगळ्यावरून खाकी कागद. हा मधला कागद कोणता, हे कोणी विचारत नाही. वडिलांच्या वेळेपासून आम्ही रद्दी वापरतो. प्रती न्यायला आलेल्या माणसांनी माळ्यावरचे फर्मेही पाहिले होते. एकाने विचारले, “हे काय?” मी म्हणाले, “रद्दी, पाठीमागे लावायची.” त्याने त्यातल्याच एका कागदाला हात पुसले आणि खाली उतरला.

ते फर्मे मी कापले आणि पान पान सुटे केले. गिरणीमागच्या गल्लीतल्या पहिल्या घरच्या फोटोमागे पहिले पान लावले. शेजारच्या घरी दुसरे. गल्लीमागून गल्ली, दारामागून दार, घरांच्या क्रमाने मी ताईची कादंबरी सबंध गावाच्या भिंतींवर टांगली. कचेरीत आहे, शाळेत आहे, डॉक्टरांच्या टेबलामागे आहे. साहेबांच्या निजायच्या खोलीतही आहे. दर आठवड्याला मंडळाचा माणूस येऊन काचेवर धूळ आहे का ते बोट फिरवून बघतो. फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवणे गुन्हा आहे, त्यामुळे त्याची पाठ कोणी पाहिलेली नाही.

धाकट्या, थांबू नकोस. साहेबांनी हात वर केला असेल तर त्यांना पहिल्या कलमाची आठवण दे. आणि आता थांबवून उपयोगही नाही, ऐकायचे ते सगळ्यांनी ऐकले आहे.

साहेब, तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. ताईचे पुस्तक पुरते नाहीसे करायचे तर तुमचा हुकूम काढून गावातला तुमचा प्रत्येक फोटो तुम्हालाच उतरवावा लागेल. मग भिंतींवर फोटोएवढे फिके चौकोन उरतील, आणि लोक ते बघतील. नाही तर फोटो राहू द्या, आणि रोज रात्री झोपताना विचार करत राहा की कोणत्या घरात तो आज उलटा केला आहे. मी काय करावे ते सांगत नाही. तुम्ही फार बारकाईने वाचणारे आहात.

गावकऱ्यांना रीत सांगते. टेबलावर जाड कापड पसरून फोटो पालथा ठेवा. खाकी कागद कडेने सुरीने कापा. चुका पकडीने सरळ वर ओढा, तिरक्या नाही, काच तडकेल. मधला कागद ओल्या फडक्याने दाबून धरला की सुटेल. खळ मी मुद्दाम पातळ केली होती. तुमच्या घरात एकच पान निघेल आणि त्याने काहीच कळणार नाही. पुढचे पान शेजारच्या घरी आहे. म्हणजे शेजाऱ्याचे दार वाजवावे लागेल, जे आपण सगळ्यांनीच बरीच वर्षे केलेले नाही. तो चिठ्ठी टाकील अशी भीती वाटेल. त्यालाही तुमच्याबद्दल तीच वाटत असेल.

पाने जमली तर ती भाचीकडे पाठवावीत. पुस्तकाचे सर्व हक्क तिचे आहेत.

कलम सहावे. घाई का.

हे मी आणखी थोडी वर्षे दाबून ठेवणार होते. छाती साथ देत नाही, हे एक कारण. दुसरे कारण गेल्या आठवड्यात कर्ण्यावर आले. पहारा शाळा. सात वर्षांवरचे प्रत्येक मूल मंडळाच्या इमारतीत राहायला जायचे, सुरक्षेसाठी, फक्त थंडीपुरते. जेवणखाण मंडळाचे. सभेत तुम्ही हात वर केलेत, मी खिडकीतून पाहिले. काहींनी दोन्ही केले.

हे नववे प्रकरण आहे. नवव्या प्रकरणात मुले थंडी संपल्यावर घरी येतात. ती सुदृढ असतात, नम्र असतात, आईबापांना अहोजाहो करतात. घरात कोणी आले की खुर्चीवरून उठून भिंतीला लागून उभी राहतात. मी ते प्रकरण पूर्वी वाचले होते तेव्हा मला ते नीटसे कळले नव्हते. मग ताई गोदामातून परत आली आणि कळले.

नववे प्रकरण पाणवठ्याच्या रस्त्यावरच्या घरांत आहे. ज्यांची मुले जायची आहेत त्यांनी तिथून सुरुवात करावी. दहावे आणि अकरावे चौकाभोवती आहेत. त्यांत मुले परत आल्यानंतरचे आहे, आणि त्याबद्दल मी इथे एक अक्षरही लिहिणार नाही, कारण हॉलमध्ये आया बसल्या आहेत.

कलम सातवे. अंत्यविधी.

मला ताईशेजारी ठेवावे. भाषण नको. माझा फोटो लावू नये. फ्रेमेचा खर्च आणि त्यामागे काय लावले याचा संशय, दोन्ही टळेल.

कलम आठवे आणि शेवटचे. शिडी.

माझी लाकडी शिडी, दुघडीची, वरून तिसरी पायरी नवी बसवलेली, इतर वस्तूंबरोबर बाजारहॉलमध्ये आणून पूर्वेच्या भिंतीला टेकवून ठेवावी असे मी सुताराला सांगितले आहे. का, ते त्याला सांगितलेले नाही. ती तिथे असेल. हॉलमधला साहेबांचा मोठा फोटो, दारातून शिरताच दिसतो तो, मी याच शिडीवरून टांगला. खाली शिडी धरून धाकटा उभा होता. मी वरून म्हणाले होते, “घट्ट धर रे,” आणि तो म्हणाला होता, “धरलीय गं, तू पडणार नाहीस.”

कादंबरीचे शेवटचे पान त्या फोटोमागे आहे.

त्या पानावर गावाचे काय होते ते आहे, आणि पहारेकऱ्याचे काय होते तेही. आपल्या गावात ते तीनच माणसांनी वाचले आहे; धाकट्या, तू तिथवर कधी पोचलाच नाहीस. त्यांतली एक मेली, दुसरी हे लिहिते आहे आणि तिसरा पहिल्या रांगेत बसला आहे. काय लिहिले आहे ते मी इथे सांगू शकते. सांगत नाही, कारण सांगितले तर तुम्ही ऐकून घ्याल, माना हलवाल आणि घरी जाल.

धाकट्या, पहारा शाळेच्या यादीत पहिले नाव तुझ्या नातीचे आहे. चिटणिसाची नात म्हणून मान तुला दिला. ती ताईसारखी डावखुरी आहे आणि ताईसारखीच सारखी प्रश्न विचारते. ती परत येईल तेव्हा तुला अहो म्हणेल आणि तू तिच्यासाठी दूध घेऊन जाशील.

शिडी मी तुला देते. माझ्या सगळ्या मिळकतीतली ही एवढी एकच वस्तू तुझी. सही वाचून झाली की वाचन संपले, मंडळाची मिळकत मंडळाला मिळाली, तुझी नोकरी झाली. त्यानंतर तुझे हात मोकळे आहेत. शिडी धरायला खाली मी नसेन. पण हॉल भरलेला आहे, कोणीतरी उठेल.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, माझ्या राजीखुशीने लिहिला आहे. खालील साक्षीदारांनी माझी सही होताना पाहिली आहे, मजकूर पाहिलेला नाही. सही घेताना मी कागदावर फ्रेमेचा पुठ्ठा ठेवला होता आणि त्यात सहीपुरतीच खिडकी कापली होती. तो पुठ्ठा सोबत जोडला आहे. त्यांना कोणी काही विचारू नये.

सही: फ्रेमवाली

साक्षीदार पहिला: डॉक्टर, बाजाररस्ता
साक्षीदार दुसरा: घड्याळे दुरुस्त करणारा, दुकानासमोर

ठिकाण: दुकान, चौकाचा कोपरा, दार लोटलेले, कडी नाही
दिनांक: ताईला नेले त्याला अकरावे वर्ष, थंडी सुरू होण्याआधीचा सोमवार